डेकचा रंग कोणता? मराठ्यांची गुराब, अजिंठ्याचे जहाज आणि जळून गेलेला पुरावा

१/
लढाऊ जहाजाची प्रतिकृती काचेच्या पेटीत ठेवलेली असते. शिडे ताणलेली, तोफा रांगेत, आणि डेक म्हणजे वरची फळ्यांची जमीन गडद तपकिरी, पॉलिश केलेल्या दिवाणखान्यातील मेजासारखी चकाकणारी. पाहणारा कौतुक करून पुढे जातो. पण ऊन, खारे पाणी, अनवाणी पाय आणि तोफांचे गाडे सोसलेली फळी तशी दिसते का? प्रश्न रंगाचा वाटतो, पण तो पुराव्याचा आहे. मराठा आरमाराच्या बाबतीत तर तो विशेष गंभीर आहे.

२/
या प्रश्नाची सुरुवात समुद्रापासून अडीचशे किलोमीटरांहून अधिक दूर असलेल्या छत्रपती संभाजीनगरापासून करता येते. शहराचा पाया १६१० मध्ये खडकी या नावाने घालणारा मलिक अंबर हा हबशी होता. गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस समुद्र ओलांडूनच दख्खनेत आला. जवळच्या पैठणहून माल बैलगाड्यांनी भडोचच्या बंदराकडे जात असे, असे इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवर्णनात नमूद आहे. सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याच्या शिशाच्या नाण्यांवर तर दोन डोलकाठ्यांचे जहाजच उमटलेले आहे. कोरड्या वाटणाऱ्या या प्रदेशाचे समुद्राशी नाते जुने आहे.

३/
या नात्याचा सर्वांत बोलका पुरावा अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात आहे. पूर्णाच्या कथेतील हे जहाज. तीन डोलकाठ्या, उंच आणि अरुंद शिडे, नाळेवर रंगवलेला डोळा, मागच्या बाजूला सुकाणूची वल्ही आणि डेकवर ओळीने ठेवलेले रांजण. वादळात सापडलेल्या व्यापाऱ्यांना वाचवण्यासाठी पूर्ण धावून येतो, तो हा प्रसंग. शहरालगतच्या औरंगाबाद लेण्यांपैकी सातव्या लेण्यातही अवलोकितेश्वराभोवती आठ महाभये कोरलेली आहेत आणि त्यांत जहाज बुडण्याचे भय आहे. डोंगरात राहणाऱ्या शिल्पकारांना समुद्र ठाऊक होता. निदान समुद्राची भीती तरी नक्कीच ठाऊक होती.

४/
अजिंठ्याचे जहाज व्यापारी आहे, लढाऊ नाही. तरीही प्रतिकृती करणाऱ्याने त्याच्यासमोर थोडा वेळ थांबावे. तिथले रंग पाहावेत: पिवळी माती, गेरू, काजळी, चुना आणि पांढरी माती, हिरवी माती, आणि दूरदेशातून आलेला राजावर्ताचा निळा. यांतील निळा आणि हिरवा बाजूला ठेवला, तर उरलेले चार रंग जुन्या लाकडाचा रंग सिद्ध करण्यास पुरेसे आहेत. पिवळ्या मातीत पांढरा आणि किंचित काळा मिसळला की उन्हात वाळलेल्या फळीचा करडा रंग तयार होतो. आजच्या मॉडेलकारांच्या बाटल्यांवरची नावे निराळी आहेत, पण आतले रंगद्रव्य बहुतांशी तीच माती आहे.

५/
आता मराठ्यांच्या जहाजांकडे. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी हाती आल्यानंतर शिवाजी महाराजांनी आरमाराची उभारणी सुरू केली. आरंभीच्या कामावर रुई लैतांव व्हिएगस या पोर्तुगीज कारागिराची नेमणूक होती. पोर्तुगीजांच्या दबावाने तो आणि त्याची माणसे निघून गेली, तरी काम थांबले नाही. १६६४ मध्ये सिंधुदुर्गाचे बांधकाम सुरू झाले. पुढे कान्होजी आंग्रे यांच्या काळात हे आरमार पश्चिम किनाऱ्यावरची मोठी सत्ता बनले. या आरमाराचा कणा दोन प्रकारच्या जहाजांचा होता: गुराब आणि गलबत.

६/
अठराव्या शतकातील इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने या दोन्ही जहाजांचे बारकाईने वर्णन केले आहे आणि प्रतिकृतीच्या दृष्टीने ते अमोल आहे. गुराबेला दोन किंवा तीन डोलकाठ्या असत. तिची नाळ भूमध्य समुद्रातील गॅली जहाजासारखी पुढे झेपावलेली असे. नाळेवर मजबूत डेक असे आणि तो मुख्य डेकच्या पातळीतच असे. मात्र दोहोंच्या मध्ये एक आडवी लाकडी भिंत असे. या भिंतीतील छिद्रांतून ९ ते १२ पौंडी गोळे टाकणाऱ्या दोन तोफा नाळेवरून समोर मारा करीत.

७/
ऑर्मच्या वर्णनातला एक तपशील डेकच्या रंगाचा निकाल लावतो. समोरून लाटा आल्या की गुराब जोरात डोलत असे. म्हणून नाळेवरच्या डेकला कठडा ठेवलेला नसे. तो दोन्ही बाजूंनी उघडा असे, म्हणजे वर आदळलेले पाणी अडथळ्याविना समुद्रात परत जाई. याचा अर्थ स्पष्ट आहे. एकाच जहाजावर दोन निरनिराळ्या परिस्थितींत जगणाऱ्या फळ्या होत्या. नाळेवरची फळी सतत धुतली जाणारी, उन्हात वाळणारी, पुन्हा भिजणारी. भिंतीमागची फळी सावलीतली, माणसांच्या पायांखालची, तोफांच्या चाकांखालची. त्या दोहोंना एकच रंग देणारी प्रतिकृती गुराबेची बांधणीच विसरते.

८/
गलबत याहून लहान. ते शिडांप्रमाणेच वल्ह्यांवरही चाले. चाळीस-पन्नास वल्ही लावून वारा नसतानाही ते शत्रूच्या जहाजाला गाठत असे. मोठ्या गलबतांना पक्का डेक असे आणि त्यावर लहान तोफा बसवीत. पण लहान गलबतांचा डेक, वजन कमी राहावे म्हणून, चिरलेल्या बांबूंचा केलेला असे, ही ऑर्मची नोंद फारच थोड्यांच्या लक्षात राहिली आहे. म्हणजे सर्व मराठा जहाजांवर सागवानी फळ्यांचा डेक रंगवणे ही चूकच. लहान गलबतावर तपकिरी फळ्या नव्हेत, तर कोकणातल्या कुडाच्या भिंतीसारखा पिवळट, पुढे राखाडी होत गेलेला बांबू दिसला पाहिजे.

९/
लाकडाचा रंग बदलतो तो कशाने? ताजे कापलेले सागवान सोनेरी-तपकिरी असते. लाकडातील तंतूंना एकमेकांशी बांधून ठेवणाऱ्या द्रव्याला लिग्निन म्हणतात. सूर्याचे अतिनील किरण हे लिग्निन फोडतात, पाऊस आणि लाटा त्याचे अवशेष धुऊन नेतात, आणि पृष्ठभागावर उरतो तो फिकट सेल्युलोज. म्हणून उघड्यावरचे सागवान काळे पडत जात नाही; ते आधी फिके आणि मग चंदेरी-करडे होते. कोकणातल्या कोणत्याही किनाऱ्यावर ओढून ठेवलेली जुनी होडी याची साक्ष देते. संग्रहालयांतल्या प्रतिकृतींचा गडद तपकिरी रंग हा समुद्रावरचा नसून व्हार्निशचा रंग आहे.

१०/
अर्थात जहाज नुसते सोडून दिलेले नसे. लाकूड टिकावे म्हणून त्याला माशाचे तेल चोळीत. कोकण-गोव्यात काजूच्या टरफलांचे तेलही लाकडाला लावण्याची रीत आहे. तेलाचा हात फिरला की फळी पुन्हा गडद होते, आणि काही महिन्यांच्या उन्हात परत फिकी पडते. शिवाय पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्याचे चार महिने समुद्र बंद असे. आरमार सुरक्षित बंदरात छावणीला जाई आणि डागडुजी तेव्हा होई. त्यामुळे एकाच गुराबेचा डेक हंगामाच्या आरंभी गडद आणि वैशाखात करडा, असा दोन रूपांत दिसत असणार. प्रतिकृती करणाऱ्याने जहाज निवडताना ऋतूही निवडावा लागतो.

११/
फळ्यांच्या सांध्यांचाही असाच विचार करावा लागतो. युरोपीय जहाजांवर सांधीत जुन्या दोरखंडांचे पिंजलेले तंतू ठोकून वर तापवलेले काळे डांबर ओतीत. भारतीय किनाऱ्यावर कापूस किंवा काथ्या ठोकून वर राळ आणि तेल यांचे मिश्रण भरण्याची पद्धत मोठ्या प्रमाणावर होती. राळेचा रंग डांबराइतका काळा नसतो. तो तपकिरीकडे झुकतो. इंग्रजी जहाजाच्या किटमधील सूचना पाहून गलबताच्या डेकवर सरसकट काळ्याभोर रेघा ओढल्या, तर मराठा जहाजावर नकळत इंग्रजी कारागिरी चढते.

१२/
त्या रेघांची जाडी हा तर साधा हिशेब आहे. १:१०० या प्रमाणात २० सेंटीमीटर रुंदीची फळी २ मिलिमीटरची होते. १ सेंटीमीटरची सांध ०.१ मिलिमीटरची होते. सांध दाखवण्यासाठी ०.५ मिलिमीटरच्या पेनाने रेघ ओढली, तर मूळ जहाजावर ती ५ सेंटीमीटरची फट ठरते; खलाशाच्या पायाची बोटे तीत अडकतील. म्हणून जाणते कारागीर रेघ ओढत नाहीत. फळ्यांच्या कडांना पातळ रंगाचा हात देऊन, तो पुसून, सांधीत उरेल तेवढाच रंग ठेवतात. मूळ सागवान वापरण्याचा मोहही टाळावा लागतो, कारण सागाच्या रेषा लहान प्रमाणात अवाढव्य दिसतात. बारीक पोताचे हळदूसारखे लाकूड इथे सागाची भूमिका अधिक चांगली वठवते.

१३/
रंग देण्याची पद्धत मग ओघाने येते. प्रथम संपूर्ण डेकला फिकट वाळूसारखा रंग. मग प्रत्येक फळीला किंचित वेगळी छटा, कारण एकाच झाडाच्या दोन फळ्याही सारख्या जुन्या होत नाहीत. मग सांधीत पातळ तपकिरी. शेवटी कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर फिकट करडा. खऱ्या लाकडाचा डेक असेल, तर आणखी एक युक्ती आहे: चहाच्या पाण्याचा हात देऊन त्यावर लोखंडाचा कीस भिजवलेले व्हिनेगर लावले की लाकूड करडे पडते. चहातील टॅनिन आणि लोह यांची ही क्रिया आहे. हिरडा आणि हिराकस यांपासून काळा रंग करण्याची जुनी देशी रीत याच क्रियेवर उभी होती.

१४/
यानंतर लढाईच्या खुणा. काळी दारू जळाली की तिचा निम्म्याहून अधिक भाग घन अवशेषाच्या रूपाने मागे उरतो. गुराबेच्या पुढच्या तोफा भिंतीतल्या छिद्रांतून मारा करीत. म्हणजे काजळी साचणार ती भिंतीच्या पुढ्यात, नाळेच्या डेकच्या मागच्या टोकाला. भिंतीच्या आत, तोफ मागे धडकते तिथे चाकांचे घासलेले पट्टे पडणार. नाळेवरची काजळी एक-दोन लाटांनंतर धुऊन जाईल आणि सांधीतच थोडी उरेल; आतली मात्र टिकेल. सर्व डेकवर सारखा काळा धूर फवारणे सोपे असते, पण त्याने लढाई कुठे झाली हेच कळेनासे होते.

१५/
हा सारा तर्क का करावा लागतो? कारण पडताळून पाहण्यासाठी आज मराठा आरमाराची एकही लढाऊ गुराब शिल्लक नाही. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांच्या नेतृत्वाखाली इंग्रजांनी विजयदुर्गावर हल्ला केला. लक्ष्य होते तुळाजी आंग्रे, आणि इंग्रजांच्या बाजूला नानासाहेब पेशव्यांची फौज होती. तोफगोळ्याने ‘रिस्टोरेशन’ हे जहाज पेटले. इंग्रजांकडूनच आंग्र्यांनी पूर्वी जिंकून घेतलेले हे जहाज. त्याची आग शेजारच्या गुराबांना लागली आणि आंग्र्यांचे आरमार बंदरातच जळाले. मराठा सत्तेच्या संमतीने मराठ्यांची नाविक शक्ती बुडाली, ही या इतिहासातली न पुसली जाणारी व्यथा आहे.

१६/
सागवानाचे जहाज किती टिकते, हे मात्र दुसऱ्या एका जहाजाने सिद्ध केले आहे. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडिया यांनी बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरले. त्याचे पहिले आराखडे घेऊन येणारे ‘जावा’ हे जहाज डिसेंबर १८१२ मध्ये अमेरिकन ‘कॉन्स्टिट्यूशन’ने हरवले, त्यामुळे आराखडे दुसऱ्यांदा पाठवावे लागले. मलबारी सागाचे ते जहाज आज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगत उभे आहे. ओकच्या लाकडातील आम्ल लोखंडी खिळे खाते. सागातील तेल त्यांना सांभाळते. वाडियांच्या सागवानाला दोनशे वर्षे पुरली. आंग्र्यांच्या जहाजांना काळाने संपवले नाही. ती आगीत गेली.

१७/
पोलादी युद्धनौकांच्या युगातही लाकडी डेक गेला नाही. ओल्या पोलादावर पाय घसरतो आणि उन्हात ते तापते. लाकूड पायाला आधार देते आणि खालच्या खोल्यांना उष्णतेपासून वाचवते. खलाशी वालुकाश्माच्या ठोकळ्यांनी डेक घासून जवळजवळ पांढरा करीत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने विमानांच्या नजरेतून सुटण्यासाठी आपल्या युद्धनौकांचे डेक निळसर रंगवले. जपानच्या ‘यामाटो’वर सागाऐवजी हिनोकी हे जपानी लाकूड होते. २ सप्टेंबर १९४५ रोजी जपानने शरणागतीवर सही केली ती ‘मिसुरी’ या जहाजाच्या डेकवर, आणि तो डेक सागवानी होता. त्यामुळे जगभरचे मॉडेलकार विशिष्ट जहाज, विशिष्ट वर्ष, कधी कधी विशिष्ट महिना ठरवूनच ब्रश हाती घेतात.

१८/
त्यांच्याजवळ छायाचित्रे असतात. मराठा जहाजांसाठी तसे काही नाही. आहेत ती वर्णने, काही चित्रे आणि आज्ञापत्रासारखे ग्रंथ. रामचंद्रपंत अमात्यांच्या या ग्रंथात आरमाराच्या लाकडाचाही विचार आहे. सागासारखी झाडे परवानगी घेऊन तोडावीत. आंबा-फणसाचे लाकूडही आरमाराच्या उपयोगाचे, पण त्याला हात लावू नये, कारण ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत आणि रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, असा त्याचा आशय आहे. डेकच्या प्रत्येक फळीमागे एक झाड, एक मालक आणि एक राज्यनीती होती. चकचकीत व्हार्निशखाली हे सर्व दिसेनासे होते.

१९/
चित्र, प्रतिकृती आणि जहाज यांचे नाते किती जिवंत असू शकते, हे नुकतेच दिसले. अजिंठ्याच्या त्याच चित्रातील जहाजावरून, काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून, गोव्यात एक जहाज बांधण्यात आले. मूळ आराखडे नव्हतेच. भिंतीवरचे एक चित्र होते. त्यावरून आकार ठरवला गेला आणि मद्रास आयआयटीच्या सागरी अभियांत्रिकी विभागात प्रतिकृतीवर पाण्यातल्या चाचण्या झाल्या. २१ मे २०२५ रोजी कारवार येथे हे जहाज ‘कौंडिण्य’ या नावाने भारतीय नौदलात दाखल झाले. दीड हजार वर्षांपूर्वी डोंगरातल्या एका चित्रकाराने नाळेवर डोळा रंगवताना हात आखडता घेतला नाही, म्हणून हे शक्य झाले.

२०/
मराठा गुराबेसाठी असा चित्रकार प्रत्येक वेळी लाभलेला नाही. म्हणून दिवाळीत किल्ला करणाऱ्या मुलाने खाली खंदकात ठेवलेले कागदी गलबत असो, की वर्षभर खपून केलेली लाकडी गुराब असो, त्या जहाजांचे आज दिसणारे रूप बहुधा तेवढेच आहे. नाळेवरची फळी करडी, आतली तेलकट, तोफेमागे चाकांचे पट्टे, लहान गलबतावर बांबू: एवढ्या चार गोष्टी बरोबर असल्या, तरी त्या जहाजावर वारा, पाऊस आणि माणसे होती हे पाहणाऱ्याला कळते. डेक चकाकत असेल, तर तिथे कोणी कधी उभेच राहिले नव्हते असे वाटते. विजयदुर्गाच्या बंदरात जे जळाले त्यावर शेकडो माणसे उभी राहिली होती.

(समाप्त)